क्लेमची कटकट

मुलयारा, क्वीन्सलंड
९ फेब्रुवारी १९६४

प्रिय ऊनाताई,

तुझं पत्र मंगळवारच्या टपालाच्या विमानाने मिळालं. इथे पारा एकशे बाराच्या खाली यायला तयार नाही. कोंबड्या चोची वासून टाकीखाली पडल्यात आणि रेक्स गुरं गोळा करायला गेलाय तो अकरा दिवसांनी उगवणार. म्हणजे अकरा दिवस मी, स्वयंपाकघर आणि माश्या. कंटाळा येत नाही का, असं विचारतेस. ताई, दोन वर्षं होत आली इथे येऊन. आता कंटाळाच मला कंटाळलाय.

पण चार वाजले की जीवात जीव येतो. इथे फोन नाही, घरोघरी बोलायचा रेडिओ आहे. दिवसभर त्यावर विमानाने येणाऱ्या डॉक्टरांची कामं आणि लोकांच्या तारा चालतात. चार वाजता डॉक्टरांच्या तळावरचे मिस्टर ॲलकॉट म्हणतात, "बायांनो, लाइन तुमची." तिथून अर्धा तास तीनशे मैलांतल्या सगळ्या बायका आपापल्या स्वयंपाकघरातून एकाच लाइनवर. याला इथे पोपटांचा बाजार म्हणतात. नाव बाप्यांनी ठेवलंय हे सांगायला नकोच. बोलत नाहीत, पण ऐकतात सगळे मेले.

इथला एक नियम शिकायला मला सहा महिने लागले. कुणी रडगाणं लावलं की तिची समजूत काढायची नाही. "अगं बिचारी" म्हटलंस की सगळ्या मुलखाला कळलं, अमकीचं काही खरं नाही. तिने आपला वैताग सांगितला की आपण त्याहून मोठा वैताग सांगायचा. ती हसते, आपण हसतो, कुणाची लाज जात नाही. मी आल्या आल्या मेव्हिस गॉर्मनला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बरी आहेस ना गं?" तीन आठवडे बोलली नाही माझ्याशी.

आणि "इथपर्यंत आलंय माझं" म्हणताना हात कुठे धरलाय ते रेडिओवर दिसत नाही, म्हणून ते सांगावं लागतं. आज कमरेपर्यंत. आज हनुवटीपर्यंत. परवा मेव्हिस म्हणाली, माझं डोळ्यांपर्यंत आलंय. तर डोरी म्हणाली, "तुझं बरंय बाई, तू उंच आहेस."

डोरी लॅम्बर्न म्हणजे आमची पट्टराणी. गुरांच्या सरकारी वाटेवर पाण्याच्या पवनचक्क्या आहेत, त्यातल्या सात नंबरवर राहते, इथून नव्वद मैलांवर. नवरा क्लेम चक्की सांभाळतो आणि त्या नोकरीबरोबर त्यांना घर मिळालंय. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी तिला अजून पाहिलेलं नाही, पण तिचा क्लेम मला माझ्या नवऱ्याहून जास्त माहीत आहे. तरुणपणी एका उंटाने त्याची टोपी खाल्ली, ती गोष्ट तो रोज जेवताना सांगतो. माझ्या पत्रांतली वाक्यं उतरवतेस त्या वहीसाठी या खेपेचं ताजं लिहून घे. सोमवारी म्हणाली, "सव्वीस वर्षांत उंट तोच आहे, टोपी मात्र दर वर्षी मोठी होते." काल म्हणाली, "माझे कान इतके किटलेत की आता मीच त्याला पुढचं वाक्य सांगते, म्हणजे लवकर संपेल. तर हा चिडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो." मी म्हणाले, माझ्या रेक्सला पाठवते, तो आठवड्याला चार शब्द बोलतो, अदलाबदल करू. ती म्हणाली, नको, चार शब्दांत उंट बसायचा नाही.

वॉल्टरभावजींना सांग, त्यांनी पाठवलेला सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा दगड झकास आहे.

तुझी,
नेरिडा


टूवूम्बा
२४ फेब्रुवारी १९६४

प्रिय नेरिडा,

तुझं पत्र शिवणमंडळात मोठ्याने वाचलं. त्या टोपीवर मिसेस हार्टिगन इतक्या हसल्या की सुई बोटात गेली. तुझी डोरी इथे आता माझ्यापेक्षा प्रसिद्ध आहे.

शाळा सुटली तरी माझी मास्तरीण काही सुटत नाही, हे तू म्हणतेस ते खरं आहे. वही तारीखवार लिहिते, कोण कधी काय म्हणाली ते. परवा सगळी चाळली तेव्हा एक गंमत दिसली. आपल्या लोकांना नुसता कंटाळा येतच नाही. कंटाळून मेले, म्हणतात. वैताग आला की समोरच्याचा जीव घेतात. भिंतीचा रंग वाळताना बघत बसणं यापेक्षा बरं, असं म्हणतात, आणि असं म्हणणारीने जन्मात कधी भिंत रंगवलेली नसते. आपल्या बोलीत वैतागापायी रोज कुणीतरी मरतंच, आपण तरी नाहीतर घरातला तरी. फ्रान्समध्ये असं बोलत असतील का, कुणास ठाऊक.

मला एक हवंय. नव्वद मैल म्हणजे तुमच्याकडे शेजारच. रेक्स त्या बाजूला जाईल तेव्हा तू पण जा आणि माझा जुना कॅमेरा तुझ्याकडे आहे त्याने क्लेमचा फोटो काढून पाठव. इतकं डोकं खाणारा माणूस दिसतो कसा ते सगळ्यांना बघायचंय. जमलं तर टोपीसकट.

तुझी,
ऊना


मुलयारा
२२ मार्च १९६४

ताई,

हे पत्र वाच आणि चुलीत घाल. उत्तर तारेने देऊ नकोस, तार इथे सगळा मुलूख ऐकतो.

रेक्सला सात नंबरच्या पलीकडे कुंपण बघायला जायचं होतं. मला बुधवारी सकाळी डोरीकडे सोडून तो पुढे गेला, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. मी तुझा कॅमेरा आणि फळांचा केक घेऊन उतरले. डोरी दारात उभी. एवढीशी बाई, पन्नाशीची, आणि हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. आवाज तोच. मला मिठी मारली आणि म्हणाली, "क्लेम उत्तरेच्या चक्कीवर गेलाय. अंधार पडायच्या आत येईल, मग तू आहेस आणि उंट आहे." आम्ही दोघी पोटभर हसलो.

खुंटीवर त्याची टोपी होती. टेबलावर तीन ताटं मांडली तिने. आम्ही जेवलो, तिसरं ताट तसंच झाकून ठेवलं. दुपारभर गप्पा मारल्या. माझ्या मनात काही म्हणजे काही आलं नाही.

चार वाजता तिने सेट लावला. पहिलं मेव्हिस बोलली, मग डोरीने बटण दाबलं. मी तिच्या शेजारी बसले होते, ताई, हातभर अंतरावर. ती म्हणाली, "काय सांगू बायांनो. नेरिडा आलीय पाहुणी, तर या माणसाने तिला समोर बसवून उंट सुरू केलाय. जेवण झालं, केक झाला, उंट चालूच. पोरगी जांभया गिळतेय. आणि बूट न पुसता आलाय आत, बघा ना, आत्ता दारात उभा राहून मला डोळे वटारतोय."

असं म्हणताना ती दाराकडे बघत होती. मीही बघितलं. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं नुसतं.

लाइनवर सगळ्या हसत होत्या. मेव्हिस म्हणाली, "नेरिडा, जिवंत आहेस का गं?" डोरीने माईक माझ्यापुढे धरला. तिचा चेहरा अगदी शांत होता. आणि मी काय केलं माहीत आहे? मी बटण दाबलं आणि म्हणाले, "अजून तरी आहे, पण टोपी आत्ता कुठे खायला घेतलीय." परत हशा. माझ्याच तोंडून गेलं ते, मला कळायच्या आत.

सेट बंद करून ती म्हणाली, "चल, दाखवते." टाकीच्या मागे नीट रचलेले दगड आहेत, माणसाएवढे लांब. वर पत्र्याचा मग पालथा घातलेला. म्हणाली, "गेल्या वर्षी सतरा जानेवारी." मी विचारलं, कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. सरकारी कागद आधीपासून तीच भरायची, त्याचं अक्षर वाईट म्हणून. चक्कीवर चढणं, ग्रीस, पंप, हौद घासणं, चौदा महिने सगळं तिने एकटीने केलंय. गुरं घेऊन कुणी आलं की क्लेम उत्तरेला गेलेला असतो. "चक्की पुरुषाला देतात, नेरिडा. कळलं की दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक बाहेर. जाऊ कुठे?"

 तो कसा गेला ते विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी रेक्सने विचारलं, भेटला का क्लेम? मी म्हणाले, उत्तरेच्या चक्कीवर गेला होता. म्हणजे आता मीही त्यात आले. रोज चार वाजता सेट लावते, तो बोलतोय असं ती सांगते, आणि मी सगळ्यांबरोबर हसते. मला सांग, मी काय करू?

नेरिडा


टूवूम्बा
६ एप्रिल १९६४

प्रिय नेरिडा,

तुझं पत्र उभ्याने वाचायला घेतलं आणि खुर्ची शोधावी लागली.

वही काढली. सतरा जानेवारीनंतर क्लेमची एकतीस वाक्यं आहेत माझ्याकडे. त्याचं घोरणं, त्याचं पाय आपटणं, तो सूप पितानाचा आवाज. सगळ्यात चांगली, सगळ्यात जास्त हसवणारी ती हीच. आम्ही इथे बसून एका मेलेल्या माणसाच्या घोरण्यावर डोळे पुसेपर्यंत हसत होतो, आणि मी त्याचा फोटो मागवत होते. मला त्या दिवसापासून जेवण जात नाही.

मग मी मागची पानं उलटली. गेल्या वर्षीच्या अकरा जानेवारीला डोरी काय म्हणाली होती, तूच कळवलं होतंस, मी जसंच्या तसं उतरवलंय. "या माणसाने आज उंटाचं नाव काढलं तर मी त्याचा गळा दाबणार आणि टाकीमागे पुरणार. दगड भरपूर आहेत इथे." त्यानंतर सहा दिवसांनी तो मेला, आणि टाकीमागे दगडांखाली आहे.

तू म्हणशील, असं सगळ्याच म्हणतात. म्हणतात, पण सगळ्यांचे नवरे टाकीमागे नाहीत. घर जाईल म्हणून चौदा महिने मरण लपवणारी बाई आणखी काय लपवेल? हाकेवर डॉक्टर असताना तिने बोलावलं का नाही? आणि तू तिच्या घरी एक रात्र राहिलीस, तिच्या हातचं जेवलीस, आणि तो कसा गेला ते विचारायची तुला भीती वाटली. उगीच वाटली का?

मी केलं ते तुला आवडणार नाही. शेजारचे मिस्टर टूही पोलिसातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वही नेली आणि जिथे द्यायची तिथे दिली. चार रात्री विचार करून केलंय, उतावळेपणाने नाही. तुला लहानपणी तापात मी मांडीवर घेऊन बसले आहे, मला तुझ्या जिवाची भीती वाटते तेव्हा दुसरं काही दिसत नाही.

माझ्यावर रागाव. पण जिवंत राहून रागाव.

तुझी,
ऊना


मुलयारा
२१ एप्रिल १९६४

ऊना,

टपालाच्या विमानातून तुझं पत्र आणि इन्स्पेक्टर हॅलोरन एकत्रच उतरले. पत्र उघडायच्या आधी मी त्यांना चहा केला. त्यांनी बॅगेतून निळी वही काढून टेबलावर ठेवली, तर मी म्हणते कशी, "माझ्या बहिणीकडेपण अगदी अशीच आहे." मग आत तुझं अक्षर दिसलं.

मी कधी तुला असं काही लिहीन असं वाटलं नव्हतं, पण लिहिते. चुलीत घाल म्हणून सांगितलं होतं. तू पत्र चुलीत घातलं नाहीस, डोरीला घातलंस.

माणूस सभ्य आहे. पेन्सिलीला टोक करून बसला. टाकीमागे पुरायच्या त्या वाक्याखाली कुणीतरी लाल रेघ मारलीय. "हे तुम्ही स्वतः ऐकलंत?" हो म्हणाले. "आणि ऐकून तुम्ही काय केलंत?" मी खरं तेच सांगितलं. मी म्हणाले होते, डोरी, खड्डा जरा मोठा खण, रेक्सलाही आणून टाकते. त्यांनी तेही लिहून घेतलं. रेक्स दारात उभा होता. आठवड्याचे चारही शब्द विसरला बिचारा.

डॉक्टर आणि दोन शिपाई सातवर जाऊन दगड काढून आले. डोरीला तळावर आणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवलंय, दाराशी शिपाई. कसा गेला विचारलं की ती एकच सांगते, चक्कीच्या शिडीखाली पडला होता. का कळवलं नाहीस विचारलं की गप्प. चौदा महिन्यांनी हाडांवरून काय कळणार, असं इन्स्पेक्टर म्हणाले. म्हणजे उरली ती तुझी वही. तुझ्या एका पानावर एका बाईचा जन्म तुरुंगात जाईल.

चार वाजले. ते म्हणाले, सेट लावा, मला ऐकायचंय. मिस्टर ॲलकॉटचा आवाज घोगरा होता. "बायांनो, लाइन तुमची." कुणीच बोलेना. दोन वर्षांत पहिल्यांदा लाइनवर नुसती खरखर ऐकली मी.

मग मेव्हिस. "इन्स्पेक्टर ऐकतायत असं कळलंय. तर लिहून घ्या. मेव्हिस गॉर्मन. या एका वर्षात मी माझ्या नवऱ्याला नऊ वेळा मारलंय, त्यातलं दोनदा कुऱ्हाडीने. समोर बसून बिस्किटं खातोय. ओव्हर."

तिच्या मागोमाग आयलीन डफ, जी देवाचं नाव घेतल्याशिवाय बोलत नाही. "मी उंदराचं औषध घालते म्हणाले होते. दर रविवारी म्हणते. देव साक्षी आहे, अजून डबाही आणलेला नाही." मग एकामागून एक. कुणी विहिरीत ढकलला होता, कुणी मेंढ्यांच्या कातरीने संपवला होता, एकीने सासूलाही जमेस धरलं. कुणी हसत नव्हतं. नाव सांगायचं, ठिकाण सांगायचं, नवऱ्याला कसा मारला ते सांगायचं आणि ओव्हर. बावीस जणी मोजल्या मी. शेवटी मी माईक घेतला, इन्स्पेक्टरसमोर, आणि माझंही सांगितलं.

अर्धा तास संपत आला तेव्हा एक बाप्याचा आवाज आला. बायकांच्या वेळात बाप्याने बोलायचं नाही हा इथला नियम मोडलेला मी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "बर्ट स्कली बोलतोय. गुरं हाकतो. माफ करा बायांनो. गेल्या वर्षात तीनदा सातवर गुरं पाजली. टाकी एकदाही रिकामी नव्हती. क्लेमच्या वेळी असायची." मग परत म्हणाला, "एवढंच सांगायचं होतं."

इन्स्पेक्टर कुठपर्यंत लिहीत होते आणि कुठे थांबले ते मी पाहिलं नाही. त्यांनी दुसरा कप चहा मागितला. जाताना म्हणाले, मला जे दिसतं त्यावर मी चालत नाही बाई, डॉक्टर काय लिहितात त्यावर चालतो. डॉक्टरांनी अजून काही लिहिलेलं नाही.

नेरिडा


टूवूम्बा
४ मे १९६४

प्रिय नेरिडा,

बावीस बायकांनी जे सांगितलं ते मला कळायला हवं होतं. वही माझी, गंमत दिसली ती मला, आणि घाबरल्यावर त्याच गमतीचा मी पुरावा केला. तुझं पत्र वाचून मी वॉल्टरपुढे सरकवलं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.

टूहींकडे गेले. वही परत द्या म्हटलं, तर म्हणाले, आता ती सरकारची. मग मी तिथेच बसून निवेदन लिहिलं. की मी अमुक अमुक, तीस वर्षं शिक्षिका. की या वहीच्या एकशे चाळीस पानांत मी स्वतःच्या हाताने चौऱ्याण्णव वेळा नवऱ्यांचे जीव घेतल्याची नोंद केली आहे, त्यात माझाही नवरा सहा वेळा आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातला एक सोडून बाकी सगळे जेवूनखाऊन सुखी आहेत. की एकाच वाक्याखाली लाल रेघ मारायची असेल तर सगळ्यांखाली मारावी. सही करून इन्स्पेक्टरच्या नावे पाठवलंय. टूही आता माझ्याशी बोलत नाहीत.

क्षमा मागत नाही, कारण तू लगेच द्यावीस असं मी काही केलेलं नाही. पण एक विचारते. घर जाऊ नये म्हणून तिने मरण लपवलं, हे मला समजतं. त्यासाठी "क्लेम बरा आहे" एवढं पुरलं असतं. रोज चार वाजता त्याच्यावर इतकं छान कोण वैतागतं?

तुझी,
ऊना


मुलयारा
२ जून १९६४

प्रिय ऊनाताई,

"ताई" लिहिलंय, तेव्हा समज.

शनिवारी सुनावणी झाली. तुझं निवेदन मोठ्याने वाचलं, आणि सुनावणीला हसू नये असा नियम असूनही मागच्या बाकावरून आवाज आला. पण सुटका झाली ती डॉक्टरांमुळे. त्यांना जुन्या कपाटात क्लेमचं कार्ड सापडलं. तीन वर्षांपूर्वी त्याचं हृदय तपासून त्यांनी बजावलं होतं की शिडी चढू नकोस. तो म्हणाला होता, मग चक्कीवर कोण चढणार, माझी बायको? हाडांवर कुठे मार नाही. नैसर्गिक मृत्यू, असं लिहिलं. मरण कळवलं नाही म्हणून सुनावणीच्या साहेबांनी डोरीला पाच मिनिटं झापलं, तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. चक्कीचं म्हणशील तर बर्ट स्कलीने गुरं हाकणाऱ्या एकोणीस जणांच्या सह्या आणून दिल्या. वर्षभर सात नंबर तिच्याकडेच राहील, मग बघू, असं ठरलंय. या खेपेला कागदावर तिचं नाव आहे.

सातला परत जाताना ती दोन दिवस आमच्याकडे राहिली. काल सकाळी आम्ही मागच्या व्हरांड्यात भोपळा चिरत बसलो होतो. मी तुझा प्रश्न विचारला. तुझा म्हणून नाही, माझा म्हणून.  तिने सुरी खाली ठेवली.

"तो सकाळी साडेदहाला गेला," ती म्हणाली. "मी हाक मारली चहाला, तर शिडीखाली पडलेला. ग्रीसचा डबा हातात तसाच. मी सेट लावला, पण लाइनवर कुणाकुणाच्या तारा चालल्या होत्या आणि माझा आवाजच फुटेना. त्याला सावलीत ओढून आणलं. तोंड पुसलं. म्हटलं, चार वाजता सांगते. चार वाजता बायका असतील. बायकांना सांगता येईल."

"मग?"

"सांगायलाच बसले होते. बटणावर बोट होतं. तेवढ्यात तू आलीस लाइनवर."

मला काही कळेना. मी म्हणाले, मी?

"तूच. नवी होतीस. तोवर कुणी बोललं तर जोड द्यायचीस, पण आपणहून कधी कुणाला छेडलं नव्हतंस, त्या दिवशी पहिल्यांदा धीर केलास. म्हणालीस, काय गं डोरी, आज क्लेमने किती डोकं खाल्लं? आणि मी बटण दाबलं आणि तोंडातून निघून गेलं, विचारू नकोस बाई, सकाळपासून नुसती कटकट. सगळ्या हसल्या. मेव्हिस हसली, तू हसलीस. मी हसू ऐकत बसले. म्हटलं, राहू दे अर्धा तास."

ताई, मला तो दिवस आठवत नाही. कितीही आठवलं तरी आठवत नाही. तो तिथे सावलीत पडलेला होता, तोंड पुसलेला, आणि मी तीनशे मैलांना ऐकू जाईल असं खिदळत होते. तुला त्या पंधरवड्याच्या पत्रात मी ते मोठ्या फुशारकीने कळवलंही असणार, माझी आपणहून केलेली पहिली थट्टा म्हणून.

मी भोपळा बाजूला सारला आणि तिचे हात धरले. इथला नियम मोडून म्हणाले, डोरी, मला माफ कर गं.

ती माझ्याकडे नवलाने बघायला लागली. "कशाबद्दल?" म्हणाली. "तू विचारलं नसतंस तर तो साडेदहालाच मेला असता."

तुझी,
नेरिडा